‘सिद्धार्थ’ची अक्षरे किती?

प्रवेशाचे दिवस आले की चाकूरच्या ऑनलाईन सेंटरवर पालकांची रांग लागते. इंग्रजी नाव बिनबोभाट भरले जाते. अडते ते मराठी नावाच्या चौकटीपाशी. मग भरणाऱ्या पोराला बोल लावला जातो. बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो.

सिद्धार्थ हे नाव घ्या. डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात. युनिकोडच्या हिशेबात मात्र चिन्हे नऊ: स, वेलांटी, द, हलन्त, ध, काना, र, हलन्त, थ. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर बटणेही नऊच दाबावी लागतात. कारकुनी भाषेत सांगायचे तर पावती एकच, पण नोंदी नऊ! आता अर्जात ‘इतकीच अक्षरे’ अशी मर्यादा असेल तर मोजायचे काय? सफारी ब्राउझरच्या जुन्या आवृत्त्या दिसणारी अक्षरे मोजत, फायरफॉक्स चिन्हे मोजत असे. म्हणून तेच नाव एकीकडे मावे, दुसरीकडे तुटे.

मोबाईलची तऱ्हा निराळी. अँड्रॉईडवरच्या क्रोममध्ये मराठी कीबोर्डचे कोणतेही बटण दाबा, पानाला बहुधा २२९ हा एकच क्रमांक कळतो. बटणे तपासणारा अर्ज तिथे गोंधळतो. चौकटीत काय उमटले ते पाहणारा अर्ज नीट चालतो. अर्ज बनवणाऱ्यांनी एवढी काळजी घ्यायला काय हरकत आहे?

खरा घोळ सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा. ‘ॲड.’मधल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. कोणी अजूनही अ वर चंद्र चढवून तोच लिहितो. ‘वऱ्हाडे’ आडनावातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत न दिसणारे एक जोडचिन्ह लपलेले असते. कागदावर दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटर साधी तुलना करत असेल तर ‘नाव जुळत नाही’ म्हणतो आणि मुलाचा अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो.

तेव्हा पालकांनी एवढे पाहावे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधले नाव उचलून चिकटवू देऊ नये, कारण त्याच्या पोटात इंग्रजी अक्षरे असतात. नाव चुकले तर मधलेच चिन्ह खोडत बसू नये. बॅकस्पेस बहुधा एक चिन्ह पुसतो, डिलीट अख्खे जोडाक्षर. पूर्ण नाव पुसून नव्याने लिहावे. आणि पैसे देण्याआधी प्रिंट दाखल्याशेजारी ठेवून वाचावी.