घोड्याला न दाखवलेली वाट

नांदेडहून लातूरकडे निघालं, की लोहा मागे पडल्यावर माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्यात इथे खंडोबाची यात्रा भरते आणि माळावर घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार उभा राहतो. घोडा घ्यायला आलेला माणूस आधी त्याचं तोंड उघडतो आणि दातांवरून वय ठरवतो. मग अंगावरचे भोवरे पाहतो. गळ्यावरचा देवमण शुभ, काही भोवरे मात्र असे, की ते दिसले तर सौदा तिथेच मोडतो. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असलेला पंचकल्याणी असेल, तर मालकाचा आवाज चढतो. खूर उचलून पाहायचा, पायांवरून हात फिरवायचा आणि शेवटी कोणाला तरी वर बसवून रेवाल चाल बघायची. पाठीवरच्या माणसाच्या पोटातलं पाणी हलता कामा नये, ही त्या चालीची कसोटी.

या परीक्षेत एक प्रश्न कोणी विचारत नाही. आयुष्यात कधी न पाहिलेला ओंडका समोर आला, पलीकडे खड्डा आहे की पाणी हे दिसत नाही आणि वेग ताशी चौतीस किलोमीटर आहे. अशा वेळी निव्वळ पाठीवरच्या माणसाच्या भरवशावर हा घोडा झेप घेईल का? माळेगावात हा प्रश्न निघत नाही, कारण वरातीत किंवा पालखीपुढे चालणाऱ्या घोड्याला त्याची गरज नाही. पण इव्हेंटिंग नावाच्या खेळातला एक अख्खा दिवस या एकाच प्रश्नासाठी राखून ठेवलेला असतो.

इव्हेंटिंगचे तीन भाग असतात. पहिला ड्रेसाज, म्हणजे आखीव रिंगणात शिस्तीच्या हालचाली. तिसरा शो जम्पिंग, म्हणजे पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या. मधला भाग क्रॉस कंट्री. मोकळ्या रानातून, चढउतारांवरून, पाण्यातून जाणारी काही किलोमीटरची वाट आणि तिच्यावर ठोकून बसवलेले अडथळे. वरच्या पातळीवर मिनिटाला ५७० मीटर हा वेग धरून वेळ नेमून दिलेली असते. ती चुकली तर सेकंदाला ०.४ दंडगुण. घोडा अडला तर वीस, त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला तर आणखी चाळीस, तिसऱ्यांदा अडला तर बाद. स्वार पडला तरी बादच. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो जिंकतो.

आता यातली खरी गंमत. ही वाट स्वाराला आदल्या दिवसांत पायी फिरून हवी तितकी पाहता येते. घोड्याला मात्र ती दाखवायची नाही, दाखवली तर बाद. प्रश्नपत्रिका शिकवणाऱ्याला आधी द्यायची आणि उत्तरं मात्र तिचं तोंडही न पाहिलेल्याने लिहायची, असा हा प्रकार आहे. त्यामुळे वाट वाचणं, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं याचा अंदाज आधीच बांधणं, हे या खेळात घोडेस्वारीइतकंच मोठं कसब मानलं जातं. त्याला सगळे कोर्स वॉक म्हणतात.

पहिली फेरी बहुधा घोड्याच्या नजरेने मारायची असते. वळण संपल्यावर अडथळा अचानक पुढ्यात येतो का? झाडांच्या सावलीतून लख्ख उन्हात उडी आहे, की उन्हातून काळोखात? उजेडातून अंधारात गेल्यावर घोड्याचे डोळे सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. त्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे ओळखता येत नाहीत. हिरवळीवर लाल अडथळा ठेवला तर तो आपल्याला उठून दिसेल, घोड्याला नाही. शिवाय कपाळाच्या अगदी समोरचं त्याला दिसतच नाही, म्हणजे झेप घेण्याच्या क्षणी अडथळा त्याच्या नजरेआड गेलेला असतो. म्हणून स्वार सकाळी एकदा आणि आपल्या पाळीच्या वेळी पुन्हा एकदा वाट चालतो. दहाच्या उन्हात साधा वाटलेला ओंडका दुपारी तीनला आपल्याच सावलीत बुडालेला असू शकतो.

दुसऱ्या फेरीत मोजमाप. घोड्याची एक टाप साधारण बारा फुटांची धरतात, म्हणजे माणसाची तीन-तीन फुटांची चार पावलं. दोन अडथळ्यांमधलं अंतर अशी पावलं टाकत मोजायचं आणि मध्ये किती टापा बसतात ते ठरवायचं. अंतर साडेचार टापांचं निघालं, तर ते आखणाऱ्याने मुद्दाम तसं ठेवलेलं असतं: घोडा आवरून पाच टापा बसव, नाहीतर लांबवून चार. कोणत्या घोड्याला काय जमेल, हे ज्याचं त्याला ठाऊक. चाकाचं मोजयंत्र ढकलत दर ५७० मीटरवर एखादं झाड, खांब, तंबू लक्षात ठेवायचा, म्हणजे दौडताना मनगटावरच्या घड्याळाशी ताळा लागतो.

आखणारा कोणते प्रश्न घालतो हेही आता बरंच ठरून गेलं आहे. दांडी, मग खंदक, मग पुन्हा दांडी अशा मांडणीला कॉफिन, म्हणजे शवपेटी, म्हणतात. नावातच इशारा आहे. स्किनी म्हणजे इतका अरुंद अडथळा, की घोडा बाजूने सहज निसटतो. कॉर्नर म्हणजे एका टोकाला निमुळता होत गेलेला त्रिकोण. त्यावर तिरकी रेषा एक हात जरी सरकली, तरी झेप अशक्य तरी होते नाहीतर घोडा बगल देतो. वर पाण्यातली उडी, उंचवट्यावरून खाली टाकलेली उडी. यातलं एकेकटं फारसं अवघड नसतं. अवघड असतो तो क्रम. लांब, मोकळ्या दौडीनंतर घोडा लांबट, हावरा झालेला असताना एकदम स्किनी आली, तर तिथे उडीचा कस लागत नाही. घोडा आवरता येतो का, हे तपासलं जातं. बहुतेक अवघड जागी लांबचा, सोपा पर्यायही ठेवलेला असतो. तो घेतला तर घोडा सुखरूप, पण सेकंद जातात. थकलेल्या घोड्यावर शेवटच्या दीड किलोमीटरमध्ये कोणता पर्याय घ्यायचा हे आधी ठरवून ठेवावं लागतं, आणि पाठीवर असताना ते मोडायची तयारीही ठेवावी लागते. माझ्या मते या खेळातली हुशारी इथे आहे, धाडसात नाही.

अंदाज किती चुकू शकतो याचं जुनं उदाहरण १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकचं. चौथा अडथळा कुंपणावरून तळ्यात उडी मारायचा होता. पाणी वरून सारखंच दिसत होतं, खालचा तळ मात्र फसवा निघाला. घोड्यांमागून घोडे त्यात कोसळले. जर्मनीच्या कोनराड फॉन वांगेनहाइमचं गळपट्टीचं हाड तिथे मोडलं. तो पुन्हा चढला, वाट पूर्ण केली, दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून शो जम्पिंगला उतरला, तिथे पुन्हा पडला, पुन्हा चढला आणि जर्मन संघाला सुवर्ण मिळालं. यजमानांना तळ आधीच ठाऊक होता की काय, ही कुजबुज पुढे बराच काळ चालली. आज असा तळ कोणी ठेवू धजणार नाही. ठरावीक जोर बसताच सुटून पडणाऱ्या खिट्ट्या आता अडथळ्यांना बसवतात. खिट्टी सुटली तर अकरा दंडगुण, पण घोडा उलटून स्वारावर पडण्याचा धोका कमी होतो.

आपल्याकडच्या वाचकाला टोकियो आठवेल. २०२१मध्ये झालेल्या त्या ऑलिंपिकसाठी डेरेक डी ग्राझिया यांनी समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर ४,४२० मीटरची वाट आखली होती. वेळ ७ मिनिटं ४५ सेकंद. उन्हाळा असा, की शर्यत सकाळीच उरकायचं ठरलं. बंगळुरूचा फवाद मिर्झा ‘सेन्यॉर मेडिकॉट’ या घोड्यावर होता. ड्रेसाजनंतर तो नववा होता, दंडगुण २८. क्रॉस कंट्रीत घोडा एकदाही अडला नाही, तरी ११.२० दंडगुण लागले. ०.४ने भागलं की कळतं, अठ्ठावीस सेकंद उशीर. एवढ्यानेच तो बाविसाव्या स्थानावर घसरला आणि अखेर तेविसावा आला. वाट छोटी केली की सोपी होईल असा सर्वसामान्य समज. प्रत्यक्षात अडथळे आणि वळणं दाटतात आणि गेलेला सेकंद भरून काढायला मोकळं रान उरत नाही. तीन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकसाठी व्हर्सायच्या बागेत पिएर ल गुपी यांनी ५,१४९ मीटरची वाट दिली. तिथला राजेशाही कालवा घोड्यांनी तरंगत्या पुलांवरून ओलांडला. घोड्याच्या टापेखाली पूल कसा वाजतो हेही तिथे अंदाजात धरावं लागलं असणार.

वाट वाचताना स्वार सगळ्यात जास्त वेळ खाली मान घालून असतो, कारण निम्मा निकाल जमीन लावते. आणि जमिनीच्या बाबतीत मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. मुरमाड, बरड, चोपण, चिबड हे फरक इथे शेंबड्या पोरालाही कळतात. काळी माती पावसाळ्यात टाप धरून ठेवते, चैत्र-वैशाखात तिला अशा भेगा पडतात, की घोड्याचा पाय सहज अडकावा. बरड माळ बारा महिने घट्ट, पण दगडगोट्यांचा. लांब दौडीत त्याचे हादरे थेट सांध्यांना बसतात.

मराठीत घोड्यावर लिहायला बसलं, की उदगीर आणि पानिपत आपोआप लेखणीत येतात आणि बहुधा उगाचच येतात. इथे मात्र उदगीरला कारण आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघायच्या, त्यामागे मुहूर्ताइतकीच ही काळी माती होती. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला याच भागात, उदगीर-औशाच्या टापूत, गाठलं. इब्राहीमखान गारद्याच्या तोफा होत्याच, पण चालत्या फौजेला दिवसेंदिवस घेरून ठेवणं हे घोडदळाचं काम होतं. ते सुकलेल्या जमिनीवरच होऊ शकतं. ऑगस्टमध्ये त्याच शिवारात त्याच घोड्यांना दौड करता आली नसती. इव्हेंटिंगचा जन्मही लष्करातलाच. अनोळखी मुलखातून निरोप घेऊन सुटलेल्या अधिकाऱ्याचं घोडं किती पाण्यात आहे, हे पाहायला ही परीक्षा निघाली. १९१२मध्ये ती स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आली आणि पुढची बरीच वर्षं मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांचीच राहिली. स्त्रियांना तर १९६४पर्यंत वाट पाहावी लागली.

घोड्याच्या धीराची एक परीक्षा नांदेडमध्येही दर वर्षी होते. होळीच्या दुसऱ्या दिवशी तख्त सचखंड श्री हुजूर साहिबहून होला महल्ल्याची मिरवणूक निघते. गुरूंचे म्हणून पाळलेले घोडे सजून तीत चालतात आणि त्यांच्यावर कोणी बसत नाही. अरदास झाल्यावर हल्लाबोलचा जयघोष होतो, नंग्या तलवारी उंचावतात आणि सगळा जमाव धावत सुटतो. त्या कल्लोळात शांत राहणारा घोडा एका दिवसात तयार होत नाही. क्रॉस कंट्रीत दोन्ही बाजूंना दाटलेल्या प्रेक्षकांमधून जाणाऱ्या घोड्यालाही हेच लागतं. पण गर्दी सोसणं वेगळं आणि न दिसणाऱ्या पलीकडे उडी मारणं वेगळं. पहिल्याला सवय पुरते, दुसऱ्याला उडी शिकवणारा माणूस, अडथळे आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

ते कुठे मिळतं, याचं उत्तर देशात अजूनही मुख्यतः एकच आहे: लष्कर. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताने इव्हेंटिंगचं सांघिक सुवर्ण घेतलं. वैयक्तिक तिन्ही पदकंही रघुबीर सिंग, गुलाम मोहम्मद खान आणि प्रल्हाद सिंग या आपल्याच लष्करी स्वारांना मिळाली. ६१ कॅव्हलरीचे रघुबीर सिंग राजस्थानातले. त्यानंतरचं वैयक्तिक पदक यायला २०१८चं जकार्ता उजाडलं. फवाद मिर्झाचं ते रौप्य. हांगझोऊच्या एशियाडला गेलेल्या इव्हेंटिंग संघात अपूर्व दाभाडे आणि आशिष लिमये हे दोन मराठी स्वार होते आणि २०२५मध्ये पटायाला झालेल्या आशियाई अश्वारोहण स्पर्धेत लिमये यांनी ‘विली बी डन’वर वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. परदेशी जातीचा घोडा, परदेशात सराव, विमानाने ने-आण, हा खर्च खासगी पागेला सहसा झेपणारा नाही. म्हणून ज्या पोराला माळेगावच्या बाजारात घोड्याच्या दातांवरून अचूक वय सांगता येतं, त्याला क्रॉस कंट्रीच्या वाटेवर उतरायचं असेल, तर तूर्तास तरी बहुधा भरतीच्या रांगेतून जावं लागेल.