पाहुणे आले की कुत्र्याचा चेंडू आधी उचलून ठेवा

कुत्रा चावला म्हटलं की रस्त्यावरचा कुत्रा डोळ्यांपुढे येतो. पण जखम धुताना आम्ही विचारतो तेव्हा लहान मुलांच्या बाबतीत पुष्कळदा उत्तर येतं, ‘घरचाच आहे हो, मावशीकडचा.’ बारशाला, सणाला माणसं जमतात, पोरं कुत्र्याचा चेंडू उचलतात आणि चावा बसतो. लहानग्यांना तो बहुधा तोंडावर बसतो, कारण त्यांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाशी येतं.

आवडती वस्तू राखणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे. अनोळखी वास आणि गलबला यांनी तो आधीच बिथरलेला असतो, म्हणून एरवी हातात आणून देतो तोच चेंडू त्या दिवशी सोडत नाही. पण चावण्याआधी तो सांगतो. वस्तूवर मान घालून थिजतो, अंग ताठ होतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, मग गुरगुरतो. शेपूट हलतेय म्हणजे खुशीत आहे, असं धरून चालू नका. गुरगुरला म्हणून मारूही नका. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

पाहुणे येण्याआधी चेंडू, हाडूक, जेवणाचं भांडं उचला. त्याला मुलांची ये-जा नसलेल्या जागी, पाणी ठेवून, वेगळं ठेवा. तोंडात काही धरलं असेल तर हिसकावू नका. भाकरीचा तुकडा लांब टाका, तो तिकडे वळला की वस्तू उचला. हे मोठ्या माणसानेच करायचं.

चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद काही भरू नका. (तिखट भरलेली जखम धुताना लेकरू कसं किंचाळतं, ते आम्हाला विचारा.) त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. ‘आमच्या कुत्र्याला इंजेक्शन दिलंय’ म्हणून थांबू नका. तिथे कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही लागतं, तेही पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत. प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘सीरम आहे का?’ असं स्पष्ट विचारा. नसेल तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घेतल्याशिवाय उठू नका.