दुमजली विमान

मुलांनो, मुंबईची दुमजली बस तुम्हांला ठाऊक आहेच. पण दुमजली विमान? पहिल्या महायुद्धाच्या पाठात असं चित्र दिसलं, की वर्गात हमखास प्रश्न येतो, "बाई, एकावर एक दोन पंख कशाला?"

तेव्हा पंख लाकडी पट्ट्यांचे असत, वरून कापड. एकच लांब पंख मोडायची भीती! म्हणून दोन पंख एकावर एक ठेवत, मध्ये खांब लावत आणि तारांनी आवळत. पंख मजबूत होत, पण तारांना वारा अडे आणि वेग कमी होई.

१९१८ साली जर्मनीच्या फोकर कंपनीने डी-७ हे लढाऊ विमान आणलं. राइनहोल्ड प्लाट्झ यांनी त्याचे पंखच जाड केले. बळ आत लपवलं. बाहेरच्या तारा गेल्या!

तुम्हीही करून पाहा. पोस्टकार्डाचं एक टोक टेबलावर दाबून धरा, बाहेरच्या टोकावर खोडरबर ठेवा. कार्ड वाकेल. आता तेच कार्ड काडेपेटीच्या खोक्यासारखं दुमडून चिकटवा. खोडरबर आरामात पेलेल!

डी-७चा सांगाडा पोलादी नळ्यांचा, इंजिन १६० अश्वशक्तीचं, वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर. नाक फार वर केलं की बाकीची विमानं लटपटत. हे मात्र तग धरी आणि खालूनच नेम साधी. दोन मशिनगनच्या गोळ्या फिरत्या पंख्यामधून सुटत, पण पात्यांना लागत नसत. इंजिनच तशी वेळ साधून देई.

त्याच उन्हाळ्यात फ्रान्सच्या आकाशात आपल्या मुंबईचा एक तरुण लढत होता. त्याचं नाव श्रीकृष्ण वेलिंगकर. केंब्रिजला शिकलेला, ब्रिटिश हवाईदलाच्या २३ नंबरच्या तुकडीतला. त्याचं 'सॉपविथ डॉल्फिन'ही दुमजलीच. २७ जून १९१८ला ते पडलं. जखमी वेलिंगकर जर्मनांच्या हाती लागला आणि तीन दिवसांनी वारला. त्याची कबर फ्रान्समधल्या हांगार गावी आहे.

नोव्हेंबरात युद्ध थांबलं, तेव्हा विजेत्यांनी डी-७चं नाव घेऊन ती सगळी विमानं मागून घेतली. एवढा त्याचा धाक!

मुलांनो, विमानाच्या हुशारीचं कौतुक जरूर करा. पण त्यात कुणाच्या तरी घरचा मुलगा बसलेला असतो, हेही विसरू नका.