फक्कीच्या रेषेलगत

फुटबॉलच्या सामन्याचे दफ्तर मोठे काटेकोर असते. कोणत्या मिनिटाला कोणी गोल केला, कोणास ताकीद मिळाली, कोणास मैदानाबाहेर जावे लागले, या साऱ्याची नोंद त्यात तारीखवार सापडते. परंतु ज्या पायाने गोल केला तो पाय कोणी घडविला, हे सांगणारा रकाना त्या दफ्तरात कधीच नव्हता. प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे साऱ्या देशाला ठाऊक असलेले पी. के., यांच्या चरित्राचा मागोवा घेऊ लागले म्हणजे ही उणीव पावलोपावली जाणवते. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द भरभक्कम नोंदींवर उभी आहे. त्यांनी केलेले शिक्षकाचे काम, त्यातही 1991 ते 1997 या काळात जमशेदपूरच्या कोवळ्या मुलांसाठी वेचलेली वर्षे, मात्र इतरांच्या नावांखाली शोधावी लागतात. हा शोध घेतल्यावाचून त्या माणसाची खरी उंची कळणार नाही, अशी माझी धारणा आहे.

पी. के. यांचा जन्म 23 जून 1936 रोजी बंगालच्या जलपायगुडी मुलखात झाला आणि कुटुंबाबरोबर ते पोलादाच्या त्या नगरीत, जमशेदपुरात, आले. जमशेदपूर तेव्हा बिहारात होते, आणि वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी हा मुलगा संतोष ट्रॉफीत बिहारकडून खेळला. 1954 साली तो कलकत्त्याच्या आर्यन संघात दाखल झाला, पुढच्याच वर्षी पूर्व रेल्वेत गेला, आणि रेल्वेच्या चाकरीशी व रेल्वेच्या संघाशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिला. त्या काळच्या कलकत्त्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन संघांपैकी एखाद्याचा सदरा अंगावर चढला नाही तर खेळाडूचा जन्म वाया गेला, असे मानण्याची रीत होती, पी. के. यांनी तो सदरा खेळाडू म्हणून कधीच चढविला नाही, आणि तरीही 1958 साली पूर्व रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली तेव्हा त्या तिन्ही दिग्गजांना मागे टाकणाऱ्या संघाच्या अग्रभागी ते होते.

त्यांची जागा आघाडीच्या फळीत अगदी उजव्या कडेला, जुन्या मंडळींच्या भाषेत 'राइट आउट'. ही जागा नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या कथेचे बीज तिच्यात आहे. मधल्या आघाडीच्या खेळाडूला चहूकडून शत्रूचा वेढा असतो. त्याचे जग दहा पावलांचे. कडेच्या खेळाडूच्या एका बाजूला फक्कीची पांढरी रेषा असते, आणि म्हणून दुसऱ्या बाजूला पसरलेले सगळे मैदान त्याला एका दृष्टिक्षेपात पाहता येते. कोणता साथीदार कोठे मोकळा आहे, बचावाची फळी कोठे विरळ झाली आहे, चेंडू आत टाकावा की स्वतःच आत शिरून उजव्या पायाने तडाखा हाणावा, याचा निवाडा त्याला धावता धावता करावा लागतो. पी. के. हा निवाडा विलक्षण वेगाने करीत.

ही दृष्टी त्यांना उपजत मिळाली असेल. तिला शिस्त लावली सय्यद अब्दुल रहीम यांनी. रहीमसाहेब मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलिस संघाने मुंबईत येऊन 1950 ते 1954 अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकून नेला होता. तेच रहीमसाहेब भारतीय संघाचे शिक्षक असताना 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियास 4–2 असे हरविले, आणि त्या सामन्यात मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोमंतकीय नेव्हिल डिसूझा याने तीन गोल केले. भारत चौथा आला. वीस वर्षांचे पी. के. त्या संघात होते. चार वर्षांनी रोम येथे तेच कर्णधार झाले, आणि फ्रान्सविरुद्ध 1–1 असा बरोबरीत सुटलेल्या सामन्यातला भारताचा गोल त्यांचाच होता.

या गुरुशिष्यांच्या सहवासाचा कळस 4 सप्टेंबर 1962 रोजी जाकार्तात झाला. इस्रायल आणि तैवान यांना आशियाई क्रीडास्पर्धांतून वगळल्याबद्दल भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर हरकत घेतल्यामुळे यजमान प्रेक्षकवर्ग खवळलेला होता, आणि अंतिम सामन्यात सेनायान मैदानावरील तो प्रचंड जनसमुदाय भारताविरुद्ध घोष करीत होता. डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग, एरवी बचावाचा आधारस्तंभ, त्या दिवशी आघाडीला खेळत होता. कर्णधार होते चुनी गोस्वामी. सतराव्या मिनिटाला पी. के. यांनी पहिला गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगने दुसरा, आणि दक्षिण कोरियाचा 2–1 असा पराभव होऊन सुवर्णपदक भारताच्या पदरी पडले. रहीमसाहेब कर्करोगाने पोखरलेल्या देहानिशी हे पाहत होते. पुढच्या वर्षी जून महिन्यात ते निवर्तले. आपल्याकडे गवयाची विद्या शिष्याच्या गळ्यात उरते तशी त्यांची विद्या त्या अकरा जणांच्या पायांत उरली, आणि ती पुढे पोचविण्याचे ऋण त्यांच्या माथी आले.

1967 साली पी. के. यांनी खेळणे थांबविले. 1970 च्या बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत जी. एम. एच. बाशा यांच्या जोडीने त्यांनी भारतीय संघाची धुरा वाहिली, आणि जपानला नमवून भारताने कांस्यपदक मिळविले. 1972 पासून ईस्ट बंगालचा आणि 1976 पासून मोहन बागानचा कारभार त्यांच्याकडे आला. ज्या दोन घराण्यांचा सदरा त्यांनी कधी घातला नव्हता, ती दोन्ही घराणी त्यांची शिष्य झाली! त्यांच्याच अमलात 1975 च्या आय. एफ. ए. शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा 5–0 असा धुव्वा उडविला, आणि दोनच वर्षांनी पेले ज्या संघात खेळत होते त्या न्यूयॉर्कच्या कॉसमॉसला मोहन बागानने ईडन गार्डन्सवर 2–2 असे रोखले. सामन्यापूर्वी खेळाडूंना जवळ बसवून ते असे काही बोलत की थकलेल्या गड्यालाही हुरूप चढे; या वाणीला कलकत्त्याने 'व्होकल टॉनिक' असे नाव दिले, आणि ते कायमचे चिकटले.

परंतु ज्याचे पाय घडून गेले आहेत अशा खेळाडूला हुरूप देणे निराळे, आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोराला पहिला धडा घालून देणे निराळे. आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ आजही तालमींची नावे मिरवितात, आणि तालमीचा दंडक असा की वस्तादाने पोराचा खुराक, झोप, मेहनत आणि स्वभाव या चारींवर नजर ठेवावी. भारतीय फुटबॉलला अशी मुक्कामाची तालीम फार उशिरा लाभली. पोलाद कारखान्याच्या आश्रयाने 1987 साली जमशेदपुरात टाटा फुटबॉल अकादमी सुरू झाली. निवास, आहार, शाळा आणि सराव एकाच छत्राखाली देऊन निवडक मुलांना काही वर्षे सांभाळण्याची ती तजवीज होती. तिच्या प्रारंभकाळी संचालक होते जाकार्ताचे कर्णधार चुनी गोस्वामी, आणि 1991 साली तिचे तांत्रिक संचालकपद पी. के. यांच्याकडे आले. ज्या गावातून एक पोरगा चाळीस वर्षांपूर्वी बिहारचा सदरा घालून बाहेर पडला होता, त्याच गावी पंचावन्न वर्षांचा वस्ताद परतला.

येथे दफ्तर मुके होते, आणि शिष्यांची नावे बोलू लागतात. बंगळूरचा कार्लटन चॅपमन या अकादमीतून 1993 साली ईस्ट बंगालमध्ये गेला, आणि त्याच वर्षी आशियाई चषकविजेत्यांच्या स्पर्धेत इराकच्या अल् झवरा संघाविरुद्ध 6–2 अशा विजयात त्याने तीन गोल केले. मणिपूरचा रेनेडी सिंग याच अकादमीत लहानाचा मोठा झाला आणि पुढे देशाच्या मधल्या फळीचा आधार ठरला. गोव्याचा महेश गवळी येथूनच बचावाचे शिक्षण घेऊन निघाला. शिलाँग-कोलकात्यापासून पणजीपर्यंत ज्या संघांनी नव्वदीत आणि नंतर मैदाने गाजविली, त्यांत जमशेदपूरचा एखादा तरी विद्यार्थी बहुधा सापडे.

1997 साली पी. के. पुन्हा ईस्ट बंगालकडे आले आणि फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात, सॉल्ट लेकच्या मैदानावर सुमारे 1,31,000 प्रेक्षकांसमक्ष, त्यांच्या संघाने मोहन बागानला 4–1 असे हरविले. तीन गोल वीस वर्षांच्या बायचुंग भुतियाचे होते. पद्मश्री त्यांना 1990 मध्येच मिळाली होती, आणि 2004 साली फिफाने त्यांना आपल्या सर्वोच्च सन्मानाने गौरविले. 20 मार्च 2020 रोजी कोलकात्यात त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत चुनी गोस्वामीही गेले, आणि ऑक्टोबरात चॅपमनही, तोही पन्नाशीच्या आत.

चॅपमनविषयी एक नोंद मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. खेळणे थांबविल्यावर त्याने शिकविण्याचा श्रीगणेशा केला तो जमशेदपुरात, त्याच अकादमीच्या मुलांपुढे. हैदराबादच्या एका शाळामास्तराने राइट आउटला दिलेली, आणि त्याने पोलादाच्या गावी जपलेली विद्या आता तिसऱ्या पिढीच्या मुखातून चौथ्या पिढीला मिळत होती. आणि ती देणारा माणूस उभा होता तेथेच, जेथून सारे मैदान दिसते, फक्कीच्या रेषेलगत.