अंगणांतील उंच खांब

मूळ घर माढ्यास वा मंगळवेढ्यास आणि मुलेंबाळें पुण्यामुंबईस, अशी स्थिति आज सोलापूर जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबांची आहे. घरीं असलेल्या लेकीसुनांस अभ्यासासाठीं, कर्त्या पुरुषास बाजारभावासाठीं आणि आजीआजोबांस नातवंडांचें मुख पाहण्यासाठीं इंटरनेट हवें असतें. जेथें तार पोंचत नाहीं तेथें तें बिनतारी मार्गानें आणावें लागतें, व त्याकरितां अंगणांत उंच लोखंडी खांब उभारण्याचा प्रसंग येतो. हें काम किरकोळ समजून एका दुपारीं उरकण्याकडे आपला कल असतो. वस्तुतः त्यांत खांबावर चढणाऱ्या मनुष्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

प्रथम उंचीविषयीं. भारत सरकारनें २०१८ सालीं ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा मोठा पट्टा परवान्याच्या बंधनांतून मोकळा केला. या लहरी जेमतेम दोन इंच लांबीच्या. दाट पाला त्यांस अडवितो. मुंबईच्या आय. आय. टी.नें पालघर जिल्ह्यांतील खेड्यांत केलेल्या ‘ग्राममार्ग’ प्रयोगांत दूरचित्रवाणीच्या पडून असलेल्या लहरी योजिल्या होत्या. त्या सुमारें दोन फूट लांबीच्या असल्यामुळें झाडींतून अधिक सुलभपणें जातात. या प्रयोगास २०१७ सालीं मोझिला संस्थेचें पारितोषिक मिळालें. परंतु आपल्या घरीं येणाऱ्या लहरी बहुधा आंखूडच असतात. म्हणून एका टोकाची थाळी दुसऱ्या टोकाच्या थाळीस स्पष्ट दिसली पाहिजे. इतकेंच नव्हे, तर दोहोंत पांच किलोमीटरांचें अंतर असल्यास मध्यावर त्या दृष्टिरेषेखालीं सुमारें पांच मीटर जागा मोकळी लागते. उंसाचा फड सहसा आड येत नाहीं. चिंच वा कडुनिंब मात्र येतो, आणि तो दरवर्षीं वाढतो. तेव्हां शेजाऱ्याचा खांब पाहून उंची ठरवूं नये. वाटेंतील झाडें पाहून ठरवावी.

दुसरी गोष्ट पायाची. आपली काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यांत उथळ रोविलेला खांब वर्षभरांत कलतो, आणि थाळी थोडी जरी फिरली तरी संबंध तुटतो. म्हणून खड्डा शक्य तों मुरुमापर्यंत न्यावा व काँक्रीट भरावें. जुन्या घराच्या माळवदावर तर खांब मुळींच उभारूं नये. मातीचें छत त्याचा भार व हिसके सोसण्यासाठीं बांधलेलें नसतें.

संक्रांतीस श्रीसिद्धेश्वराच्या यात्रेंत उंच नंदीध्वज पेलतांना पाहणाऱ्या सोलापुरकरांस तोलाचें महत्त्व सांगावयास नको. खांबाचा तोल ताणाच्या तारा राखतात. त्या तीन दिशांस सारख्या अंतरानें व खांबाच्या उंचीच्या निम्म्याहून अधिक दूर बांधाव्या लागतात. खरी अडचण येथेंच येते. तिसरा ताण नेमका चुलत्यांच्या वा शेजाऱ्यांच्या हद्दींत जातो; बोलणें नसतें, म्हणून तो गाळला जातो अथवा जवळच्या झाडास बांधला जातो. झाड वाऱ्यानें डोलतें आणि खांबास ओढतें. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा जोर चौपट होतो. वळवाच्या पावसापूर्वींचें वादळ भाऊबंदकी जाणत नाहीं! घरांतील वडिलांनीं अशा वेळीं मान थोडा बाजूस ठेवून एक शब्द टाकावा, हें बरें. त्याच बोलण्यांतून चारपांच घरांमिळून एकच मजबूत खांब उभारण्याचा विचार निघाल्यास खर्चही वांटला जाईल.

विजेच्या तारांपासून खांब त्याच्या पूर्ण उंचीहून अधिक दूर असावा, म्हणजे पडला तरी तारांवर पडणार नाहीं. अर्थिंग अवश्य करावें, व उन्हाळ्यांत त्या खड्ड्यांत पाणी घालीत असावें. आभाळ गर्जूं लागलें कीं यंत्राचा विजेशीं असलेला संबंध तोडावा.

आणि चढणाऱ्या मुलाविषयीं. तो बहुधा पंचविशींतला, घाईंत असलेला, दिवसाकांठीं अनेक घरीं जाणारा असतो. कमरेस पट्टा नसेल, वारा सुटला असेल, तर त्यास चढूं देऊं नये. ‘राहूं दे बाबा, उद्यां कर,’ इतकें म्हणण्यानें आपलें एका दिवसाचें इंटरनेट जाईल. त्याच्याही घरीं कोणी त्याची वाट पाहत असतें, हें आपण विसरूं नये.