रातच्या लाइनीत शरीराचं घड्याळ

पऱ्हाटीची बोंडं फुटू लागली आणि हरभरा फुलावर आला की यवतमाळ जिल्ह्यात शिवार रात्रीच जास्त जागं असतं. कुणी ओलिताला, कुणी जागलीला. शेतीपंपाची थ्री फेज लाइन काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हे चक्र इथे वर्षानुवर्षं चालत आलंय. झोपेच्या विज्ञानाचा मला जुना नाद. त्यातल्या पुस्तकांत नर्स भेटतात, वैमानिक भेटतात, कारखान्यातले कामगारही भेटतात. फावडं घेऊन दांडावर उभा असलेला माणूस मात्र मला त्यांत कधी दिसला नाही.

मूळ शास्त्र झटपट उरकतो. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच माणसाने लाजाळूच्या जातीचं झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं वेळेवर मिटत-उघडत राहिली. आपल्या मेंदूतही सुमारे वीस हजार पेशींचं असं घड्याळ आहे. त्याचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा, म्हणून डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने ते रोज लावून घ्यावं लागतं. पेशींमधली ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आता शेतात चला. घाटंजीकडच्या एका हरभऱ्याच्या वावरात पहाटे चारला तुषार सिंचनाचे पाइप बदलताना मी शेतकरी पाहिले. पायात गारठलेला चिखल, कपाळावर बॅटरी, लांब कुठेतरी रोही हाकलण्याची आरोळी. शरीराचं तापमान याच सुमारास सर्वांत खाली असतं. हात मंदावतात, नजर चुकते, साधा निर्णयही उशिरा सुचतो. आणि नेमक्या याच वेळी ओल्या हाताने स्टार्टरला हात लावायचा, साप-विंचवाच्या बांधावरून चालायचं! झोपेचं विचारलं तर शेतकरी म्हणाले, “लाइन रातची, मंग झोपू कवा? सकाळी ढोरं सोडा लागते ना भाऊ.”

चार रात्रींत सवय होत असेल, असं शहरातल्यांना वाटतं. होत नाही. शरीराचं घड्याळ दिवसाला फार तर तासाभराने सरकतं, तेही भरपूर उजेड मिळाला तर. बॅटरीचा झोत त्याला पुरत नाही. उलट सकाळी घरी परतताना डोळ्यांवर ऊन येतं. घरातल्या ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स उजेड असतो, भर उन्हात तो लाखाच्या घरात जातो. एवढ्या उजेडाने घड्याळ पुन्हा दिवसालाच चिकटतं. थोडं हललंच, तर तोवर लाइन दिवसाची झालेली असते. कायमच्या रात्रपाळीपेक्षा ही फिरती पाळी मला जास्त वाईट वाटते.

व्यायामानेही हे घड्याळ सरकतं, फक्त त्याची ओढ उजेडापेक्षा कमी. २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात सकाळी सातच्या किंवा दुपारी एक ते चारच्या व्यायामाने घड्याळ अलीकडे आलं, संध्याकाळी सात ते दहाच्या व्यायामाने ते पलीकडे गेलं. इथे आठवतात ती पोलीस भरतीची पोरं. डिसेंबरात पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करतात. यवतमाळ प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या अठरा मिनिटं मागे. उजाडायला पावणेसात होतात. त्यांना माझं सांगणं एवढंच, की धावून लगेच पांघरुणात शिरू नका. ऊन येईपर्यंत बाहेरच थांबा. दिवसभराची तरतरी धावण्याइतकीच त्या उन्हावरही असते.

पुन्हा रातच्या लाइनीकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्येच रात्रपाळीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत बसवलं. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली २०१७ मध्ये. तिची चर्चा कायम युनिट आणि अनुदानाची होते. माझ्या मते ती आधी आरोग्याची योजना आहे. अर्थात दिवसा वीज आली तरी रानडुकरं राहणारच, म्हणजे जागलही राहणार. तेव्हा निदान घरात पाळ्या वाटून घ्या, निघण्यापूर्वी तासभर झोप काढा, आणि पहाटे तीन ते पाच स्टार्टरजवळ एकट्याने जाऊ नका.