स्कोपिये: दोन दिवसांची राजधानी

युरोप म्हणजे पॅरिस आणि स्वित्झर्लंड एवढंच डोक्यात असेल, तर उत्तर मॅसिडोनियाची राजधानी तुम्हाला चक्रावून टाकेल. भर चौकात 2011 साली उभारलेला अवाढव्य घोडेस्वार, आजूबाजूला पुतळेच पुतळे! फोटो काढा आणि जुन्या रेल्वे स्टेशनकडे चालू लागा. वाटेत मदर तेरेसांचं स्मारक लागतं. कोलकात्याच्या मदर 1910 साली जन्मल्या त्या याच शहरात.

स्टेशनवरचं घड्याळ 5 वाजून 17 मिनिटांवर थांबलंय. 26 जुलै 1963च्या पहाटे भूकंपात हजारावर माणसं गेली. काटे मुद्दाम तसेच ठेवलेत. चौकातल्या सगळ्या झगमगाटापेक्षा मला शहर कळलं ते इथे.

संध्याकाळी वर्दार नदीवरचा दगडी पूल ओलांडून जुन्या बाजारात घुसा. मशिदी, जुने हमाम, सोनारांची दुकानं, आणि मातीच्या भांड्यात भाजलेलं घेवड्याच्या दाण्यांचं 'तावचे ग्रावचे'! शाकाहारी मंडळी खूश. फक्त मांस नाही ना, ते विचारून घ्या.

दुसरा दिवस मात्का दरीचा. शहराबाहेर जेमतेम तासाभराच्या आत उंच कडे, हिरवंगार पाणी. होडीने व्रेलो गुहेपर्यंत जा. सकाळी लवकर निघालात, तर दरी जवळजवळ तुमचीच!